बंदुकीची दुर्बीण

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी माणसाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे जुनी माणसे सांगत. ती कशासाठी हवी? ती कोणाच्या हाती राहणार? आणि मग, तिची किंमत काय? आजच्या बाजाराने हा क्रम उलटा करून टाकला आहे. किंमत आधी दिसते, सवलत त्याहून आधी दिसते आणि वस्तू कशासाठी घेतली हा विचार ती घरी आल्यावर सुरू होतो. भांड्याकुंड्यांच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. दुर्बिणीच्या बाबतीत मात्र बिघडते. आणि ती दुर्बीण बंदुकीवर बसवायची असेल तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत सेवा करणाऱ्या आमच्यासारख्या धर्मगुरूकडे लोक नाना प्रकारच्या चौकश्या घेऊन येतात. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी कोठे पाठवावे, विहिरीचे अनुदान का अडले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोठे स्वस्तात होईल, या सर्वांची उत्तरे फादरपाशी असतात असा त्यांचा भाबडा विश्वास! या यादीत अलीकडे दुर्बिणीची भर पडली आहे. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आम्हांला म्हणाले, "फादर, बंदूक हाये, लायसन हाये, पन आता नजर धड नाही. डुकरं एका रातीत बांधी सपाट करतेत. एखादी स्वस्तातली, टिकाऊ दुर्बीण बसवून द्या ना बंदुकीवर!" त्याच सुमारास आमच्या युवक मंडळातील दोन तरुणही दुर्बिणीची चौकशी करीत आले. ताडोबाच्या प्रवेशद्वारावर पर्यटकांचे वाटाडे होण्याची त्यांची खटपट चालली होती आणि त्यांनाही वस्तू स्वस्त व टिकाऊच हवी होती. शब्द एकच, निकषही तेच. परंतु दोन्ही मागण्यांमध्ये जे अंतर आहे ते आम्हांला वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

प्रथम बंदुकीवरच्या दुर्बिणीविषयी. तिच्यातून पाहिले की मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेषा दिसतात. या रेषांचा जन्म शिकाऱ्याच्या नव्हे, तर खगोलशास्त्रज्ञाच्या घरी झाला. इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुण अभ्यासकाच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्याने जाळे विणले. त्याचा एक तंतू नेमका भिंगांच्या केंद्राशी आल्यामुळे ताऱ्याच्या प्रतिमेइतकाच स्पष्ट दिसू लागला आणि त्या तंतूच्या आधारे ताऱ्याचे स्थान अचूक मोजता येईल हे गॅस्कॉइनच्या ध्यानी आले. पुढे तो यादवी युद्धात १६४४ साली मारला गेला. आकाश मोजण्यासाठी सुचलेली ती रेषा कालांतराने रायफलीवर जाऊन बसली. क्रूसाच्या आकृतीने लक्ष्य टिपावे, हा योगायोग आमच्यासारख्याच्या मनाला थोडा बोचतो. असो.

दुर्बिणीवर ४×३२ किंवा ३-९×४० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. व्यासाला पटीने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४×३२ मध्ये ती आठ मिलिमीटर भरते. ३-९×४० ची दुर्बीण नऊ पटीवर नेली तर साडेचारच्याही आत येते. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ती पाचच्या आसपासच थांबते. याचा अर्थ असा की, संधिप्रकाशात मोठ्या पटीची दुर्बीण अधिक दाखवील ही समजूत चुकीची आहे. ती प्रतिमा मोठी करते आणि काळवंडून टाकते. शिवाय नऊ पटीत शंभर यार्डांवरचा जेमतेम चार-साडेचार मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्या तुकड्याच्या उजवीडावीकडे काय आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

बंदुकीवरची दुर्बीण विश्वासार्ह की नाही, हे तिच्या भिंगांपेक्षाही तिच्या ठामपणावरून ठरते. बार उडाला की बंदूक मागे धक्का देते आणि तो प्रत्येक धक्का दुर्बिणीच्या आतील जोडणीला बसतो. चांगल्या दुर्बिणीची एकदा जुळवलेली रेषा शंभर बारांनंतरही जागची हलत नाही. हलक्या दुर्बिणीची रेषा पाच-दहा बारांतच सरकते आणि नेमबाजाला त्याचा पत्ताही लागत नाही. ती बंदुकीवर धरून ठेवणारी कडी कच्ची असली तर उत्तम दुर्बीणही कुचकामाची ठरते. डोळा आणि भिंग यांत तीन-चार इंचांचे अंतर हवे, नाही तर धक्क्याने भुवई फुटते. नळीत कोरडा नायट्रोजन वायू भरून ती बंद केलेली नसेल, तर आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंगे आतून धुरकट होतात आणि पुढे त्यांवर बुरशी चढते. थोडक्यात, कमी पट, मोठे भिंग, पक्की कडी आणि न सरकणारी रेषा, एवढे ज्यात आहे ती परवडणारी दुर्बीण. जिच्यात पटीचे आकडे मोठे आणि बाकी सारे कच्चे, ती फुकट मिळाली तरी महाग.

हे सारे खरे असले तरी आमच्या त्या वृद्ध शेतकऱ्याला यातील काहीही उपयोगाचे नव्हते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी जी बंदूक मान्य केली, ती तोंडातून दारू ठासायची भरमार. स्वसंरक्षणासाठी वा खेळासाठी देतात ती गुळगुळीत नळीची, साधारणतः बाराबोअर. या दोन्ही बंदुकांचा खरा पल्ला तीस-चाळीस पावलांचा. बाराबोअरचे छर्रे पुढे जाता जाता पसरत जातात. तेथे बारीक रेषेने नेम धरणे म्हणजे चाळणीने पाणी मोजण्यासारखे आहे. रायफलीसाठी बनलेली दुर्बीण अशा बंदुकीवर चढवली, तर पैसे जातात आणि नेम होता त्याहून बिघडतो. आम्ही त्यांना तसे स्पष्ट सांगितले. "बाबाजी, चाळीस पावलांवर डोळ्यांनी दिसत नसेल, तर दुर्बीण नको, मोतीबिंदूचा डॉक्टर हवा." ते हसले, पण त्यांची बांधी सपाट झाली होती ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

कायद्याची बाजूही येथे नीट सांगितली पाहिजे, कारण गावोगावी तिच्याविषयी अर्धवट माहिती पसरलेली आढळते. एके काळी हे जिल्हे शिकाऱ्यांचे नंदनवन होते. ताडोबाच्या परिसरात १९३५ साली शिकारीला बंदी झाली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून केली जाणारी हौसेची शिकारही संपली. तेव्हा 'शिकारीसाठी दुर्बीण' ही मागणी आज या प्रदेशात कायद्याच्या चौकटीत उरलेलीच नाही. उरले आहेत ते अपवाद. रानडुक्कर, रोही यांच्यासारखा प्राणी उभे पीक उद्ध्वस्त करीत असेल, तर अधिकारप्राप्त वनाधिकारी लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. वाघ माणसाच्या जिवावर उठला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्यच नसेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक तसा आदेश देऊ शकतात. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्‌हेतूने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. यापलीकडे सर्व बंद.

बंदी कागदावर आहे म्हणून शेतकऱ्याचे दुःख संपत नाही. धान निसवले की रानडुकरांचे कळप येतात. थंडीच्या रात्री मचानावर बसून जागल करणाऱ्या माणसाला जंगलप्रेमावरची व्याख्याने ऐकविणे हा क्रूरपणा आहे. आणि प्रश्न पिकापुरताही नाही. महाराष्ट्रातील वाघांची संख्या २०१८ च्या गणनेत ३१२ होती, २०२२ मध्ये ती ४४४ झाली. त्यांतले बरेचसे वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि त्यांतील कितीतरी अभयारण्याच्या सीमेबाहेर, गावांच्या शिवाराला लागून राहतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल येथे तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रियांना वाघाने एकाच दिवशी ठार केले. ज्यांच्या घरची चूल तेंदूपाने आणि मोहफुलांवर पेटते, त्यांना रानात जाऊ नका असे सांगणे सोपे असते; सांगणाऱ्याची चूल दुसऱ्या सरपणावर पेटत असते.

मग बंदुकीला दुर्बीण लावून द्यावी काय? येथे आम्हांला एक जुना नियम महत्त्वाचा वाटतो. जगभरातील जाणते शिकारी आपल्या शागिर्दाला तो सर्वांत आधी शिकवितात: बंदुकीवरच्या दुर्बिणीतून काहीही 'पाहावयाचे' नाही. पाहण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवावयाची. झुडपात हलले ते डुक्कर आहे, वासरू आहे की शेजारचा माणूस आहे, हे त्या दुर्बिणीतून ओळखावयाचे आणि खात्री झाल्यावरच बंदूक उचलावयाची. कारण उघड आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याला पाहावे, त्याच्यावर नळी रोखली गेलेलीच असते. डोळा आणि नळी एकाच दिशेला बांधलेली असतात. ओळख पटण्याआधीच धोका उभा राहतो. अंधारात धानाच्या बांधावरून घरी परतणारा माणूस आणि डुक्कर यांतील फरक ओळखण्याचे काम ज्या यंत्रावर सोपवावे, तेच यंत्र त्या माणसाच्या छातीवर रोखलेले असावे, हे कसे चालेल?

म्हणून आम्ही बाबाजींना दुसरी वाट दाखविली. नुकसान झाले की ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज द्यावा. राज्य शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्रप्रकल्पांच्या लगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. गावाने मिळून त्यासाठी खटपट करावी. या कुंपणाचा झटका क्षणिक असतो, तो जनावराला परतवतो पण मारत नाही. विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत थेट प्रवाह सोडण्याचा अघोरी उपाय मात्र कोणी करू नये. त्या तारेला वाघही मरतात आणि पहाटे शेतावर निघालेली माणसेही.

आता युवक मंडळातील त्या दोघांच्या दुर्बिणीकडे वळू. ही निव्वळ पाहण्याची दुर्बीण. हिच्या पुढे नळी नाही. निवडीचे नियम मात्र पुष्कळसे तेच आहेत. हातात धरून पाहावयाचे असल्यामुळे आठ पट पुरे. दहा पटीच्या पुढे हाताचा कंप प्रतिमेत उतरतो. ८×४० किंवा ८×४२ ही जोडी जंगलासाठी उत्तम, कारण प्रकाशझोत पाच मिलिमीटर किंवा थोडा अधिक मिळतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडातही सांबर ओळखू येते. खिशात मावणारी १०×२५ दिवसा ठीक. सायंकाळी तिचा अडीच मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो. पट बदलता येणाऱ्या 'झूम' दुर्बिणीच्या मोहात पडू नये. माणकासारखी लाल चमकणारी भिंगे पाहून भुलू नये. तो रंग बहुधा गिऱ्हाईक ओढण्यासाठीच असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग ओलांडता ओलांडता एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. हा ऱ्हास रोखणारे पातळ लेपन जर्मनीतील झाइस कंपनीत १९३५ साली सिद्ध झाले. तेव्हा सर्व भिंगांवर अनेक थरांचे लेपन आहे ना, हे विचारूनच घ्यावे.

दुकानात तीन परीक्षा कराव्यात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहावे. मागच्या भिंगांत दिसणारे प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल हवेत. ते चौकोनाकडे झुकलेले दिसले, तर आतील लोलक हलक्या प्रतीचे समजावेत. मग दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. तार दुहेरी दिसली किंवा दोन मिनिटांत कपाळ दुखू लागले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकट पाहावे. या परीक्षांत उतरणारी, नामवंत बनावटीची साधी दुर्बीण दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. दोघांनी मिळून एक घेतली तरी चालते. पावसाळ्यात ती चामड्याच्या पेटीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, म्हणजे बुरशी लागत नाही.

पाहण्याची दुर्बीण माणसाला बंदुकीपासून कशी दूर नेते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, या कुतूहलापोटी ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेथील सचिव मिलार्ड यांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांचा संग्रह उघडला आणि त्या मुलाचे आयुष्य बदलले. अभ्यासासाठी नमुने गोळा करताना त्यांनी पुढेही बंदूक वापरली, हे खरे. परंतु भारतीयांच्या दोन पिढ्यांना गळ्यात दुर्बीण अडकवून रानात जावयास त्यांनी शिकविले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे चिमणीचे पडणे, असे नाव दिले. पित्याच्या इच्छेविना एकही चिमणी भूमीवर पडत नाही, या प्रभुवचनाची आठवण ते नाव वाचताना आपल्याला होतेच.

आमच्याकडचे उदाहरण भामरागडचे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून हेमलकशाला माडिया बांधवांमध्ये काम सुरू केले. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू त्यांना दिसले. डॉक्टरांनी त्या माणसांना पापी ठरविले नाही. ही शिकार हौसेची नाही, भुकेची आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. आणि पुढे अनाथ पिल्लांच्या बदल्यात धान्य व कपडे द्यावयाची रीत पडली. हेमलकशाचे प्राण्यांचे अनाथालय त्यातून उभे राहिले. ज्यांची शिकार सुटावी असे वाटत होते, त्यांच्यावर नळी न रोखता त्यांच्याकडे पाहिले गेले, म्हणून हे घडू शकले.

गडचिरोलीच्या वाट्याला अशी नजर फार थोडी आली. १९८० नंतर येथे नक्षलवादी दलमे आली, त्यांच्यामागोमाग पोलिसांच्या तुकड्या आल्या, आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या नावांचा उच्चार बाहेरच्या जगात चकमकींच्या बातम्यांपुरता होऊ लागला. रात्री भाकरी मागावयास येणारा एका बाजूचा, सकाळी जाब विचारावयास येणारा दुसऱ्या बाजूचा. दोघेही गावाकडे रेषेच्या मागून पाहणारे. गोटुल, धानाची बांधी, आश्रमशाळेतली मुले, बाजाराचा दिवस हे त्या अरुंद वर्तुळात कधी आलेच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता या जिल्ह्याला जवळून पाहणारे शिक्षक, डॉक्टर, अधिकारी आणि धर्मगुरूही अधिक संख्येने लागतील. वनविभाग ग्रामस्थाकडे चोरटा शिकारी म्हणून पाहतो आणि ग्रामस्थ वनरक्षकाकडे वैरी म्हणून पाहतो, तेव्हाही डोळा नळीलाच बांधलेला असतो. वाघाच्या हल्ल्यानंतर जमाव आणि गणवेश समोरासमोर उभे ठाकतात, त्या वेळी याचा प्रत्यय येतो.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचे एक रूप मात्र आम्हांला मनापासून मान्य आहे. वाघाला बेशुद्ध करणाऱ्या पथकाची बंदूक औषधाची सुई फेकते. प्राणी किती मीटरवर आहे हे आधी अचूक मोजावे लागते, त्यावरून वायूचा दाब ठरवितात. दाब अधिक झाला तर सुई जखम करते, कमी पडला तर ती पोहोचतच नाही. औषधाची मात्रा वजनाच्या अंदाजाने ठरते. म्हणजे प्राण्याला नीट ओळखल्यावाचून नेम धरताच येत नाही. गावकऱ्यांचा जीव वाचावा आणि वाघाचाही, यासाठी ते पशुवैद्य आणि वनरक्षक स्वतःचा जीव पणाला लावतात. आपल्या प्रार्थनांत त्यांची आठवण राहावी.

आमच्या दोघा तरुणांनी अखेर आठ पटीची दुर्बीण घेतली आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाने बांधून नागरिकांना प्राणी पाहण्याची संधी देतो. तेथे नाव नोंदविण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांना आम्ही एवढेच सुचविले आहे की, बाबाजींच्या नातवालाही सोबत न्यावे. चांदण्यात पाण्यावर आलेली डुकरे मोजून पाहण्याची त्याला एकदा संधी मिळू द्या. जागलीला बसण्याची पाळी उद्या त्याचीच आहे.